नुरा कुस्ती : अर्थ आणि वाक्यात उपयोग

ढाणकी
दि. १२ जानेवारी २०२६

            परवेज,

मित्राला पत्र लिहिताना नावाआधी 'प्रिय' लिहायचं असतं, असं नववीत शिकवलं होतं. तीन वर्षांनी लिहितो आहे, त्यामुळे तो शब्द मी वापरू शकतो का हे ठरेना. म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली आहे. माझा फोन तुला लागत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक राहते, म्हणजे माझा नंबर तू बंद केलेला आहेस. त्याबद्दल तक्रार नाही. वणीच्या गॅरेजचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, नुजहतकडून घेतला. काय काम आहे असं तिने विचारलं. एक शब्द विचारायचा आहे, असं मी सांगितलं. ते खरं आहे.

मी अजून विमलताईंच्याच फ्लेक्सच्या दुकानात आहे. दहावी पुन्हा दिली नाही. मजकूर टाइप करणं आणि तपासणं, दोन्ही माझ्याकडे असतं. 'शुभेच्छुक' हा शब्द ढाणकीत फक्त आपल्याकडे बरोबर छापून मिळतो, असं ताई गिऱ्हाइकांना सांगतात. सध्या निवडणुकीचे दिवस आहेत. परवा एका उमेदवाराचा माणूस मजकूर घेऊन आला. त्यात एक ओळ होती : 'या दोघांची नुरा कुस्ती ओळखा.'

"हे काय असते रे, आयुष?" ताईंनी विचारलं.

"फिक्सिंग," तो माणूस म्हणाला. "वरतून भांडण, अंदरून एक."

"तुले नाही विचारलं, भाऊ. आमच्या दुकानात पयलवान हाय." ताई माझ्याकडे बघत होत्या. "तू सांग."

मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

माझी शब्दांची वही तुला आठवत असेल. डाव्या पानावर अर्थ, उजव्या पानावर वाक्यात उपयोग. परीक्षेत त्या प्रश्नाचे गुण माझे कधी गेले नाहीत, नापास मी गणितात झालो. त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर डाव्या पानावर लिहिलं : 'नुरा कुस्ती खेळणे – कोण जिंकणार हे दोघांनी आधीच ठरवून, लोकांना खरी वाटेल अशी लढत करून दाखवणे.' उजवं पान कोरं राहिलं. वाक्य एकच सुचत होतं आणि ते तुझ्याविषयी होतं.

झालेल्या गोष्टींचा क्रम लिहून ठेवतो. तुला तो माहीत आहे, पण क्रम नीट लावलेला असला की मला बरं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या यात्रेत शेवटची जोड तुझी आणि माझी लागली. आपण दोघंही तुझ्या अब्बांच्या, नजीर वस्तादांच्या आखाड्यातले. सहा-सात मिनिटांनी तू माझ्याखाली पालथा होतास, आणि मी काही डाव न टाकता तू स्वतःच उताणा होऊन चीत झालास. लोक 'नुरा, नुरा' ओरडले. वस्ताद चपला काढून मातीच्या हौद्यात उतरले आणि दोघांना मिळून एकच प्रश्न विचारला : "कोणं सोडलं?" तू म्हणालास, "म्या." त्याच दिवशी आखाड्याला कुलूप लागलं. चौथ्या दिवशी तू वणीला गेलास. तेव्हापासून वस्ताद तुझं नाव घेत नाहीत आणि आखाडा उघडला नाही.

आता जागेचे मालक सदाशिवराव ती परत मागत आहेत. ही शिवरात्र झाली की तिथे सोयाबीनचं गोदाम बांधायचं म्हणतात. वस्तादांनी होकार दिला आहे असं ऐकलं.

माझा प्रश्न असा : दोघांनी आधी काही ठरवलेलं नसेल, तरी तिला नुरा म्हणता येतं का? आपण काही ठरवलं नव्हतं. उत्तर वहीसाठी हवं आहे.

आयुष


ढाणकी
दि. २१ जानेवारी

            परवेज,

स्पीड पोस्टची पावती जपून ठेवली होती. पत्र सोळा तारखेला पोचलं अशी नोंद दिसते. उत्तर आलं नाही. मग लोक हा शब्द कसा वापरतात ते मी टिपायला लागलो.

बाजार समितीत दोन अडते तुरीच्या एका ढिगावरून भांडत होते. मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "चालू द्या तुमची नुरा. दुपारी एकाच डब्यातून जेवता." बस स्टँडवरच्या टीव्हीत दोन पुढारी एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा चहावाल्याने तोच शब्द काढला. विमलताईंना आता अर्थ कळला आहे, त्यामुळे त्या रोजच वापरतात.

"माह्या दोन्ही सुना रोज सकाळी भांडतात. पोळ्या कोण लाटते म्हणून. आयकून आयकून माह्यं डोकं उठते, मंग मीच लाटतो. अन् जेवाले बसल्या की मांडीले मांडी लावून दोघी खी खी करतात. हे नुरा होय का नाही?"

"होय, ताई."

"मंग लिही तुह्या वहीत. नाव नको टाकू."

नऊ वाक्यं जमली. सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लढणाऱ्या दोघांचा फायदा होतो आणि तिसरा फसतो. आपल्या वेळी फायदा कोणाचा झाला ते मी दोन दिवस शोधलं. सापडला नाही.

एका आखाड्यातल्या दोन पोरांची जोड लावत नाहीत, हा नियम का आहे ते त्या वेळी मला कळत नव्हतं. लोकांना संशय नको म्हणून. त्या दिवशी तुझी जोड नांदेडकडच्या पैलवानाशी होती. त्याची गाडी वाटेत बंद पडली. ऊन उतरलं होतं, माणसं उठायला लागली होती, आणि सदाशिवराव पंचांच्या खुर्चीवरून म्हणाले, "नजीरभाई, तुमचेच दोन पोट्टे लढवा."

"एका घरची जोड लागत नसते, राव."

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "लागली त नुराच होईन!"

आखाड्यात हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे वस्तादांनी आपल्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जोर मारताना विनोदाने काढला तरी ते पन्नास बैठका जास्त काढायला लावत. त्या दिवशी त्यांनी तो स्वतः काढला, तोही माइकवर. "माह्या आखाड्यातून नुरा होत नाही. झाली त आजच कुलूप लावीन. चारशे माणसं आयकून राह्यले." मग आपल्या दोघांकडे बघून मान हलवली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की काही डाव न टाकता तू उताणा झालास. वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे. त्याआधी माझा उजवा हात तुझ्या बगलेतून वर येऊन मानेवर बसलेला होता. पकड पक्की होती. एक हिसका दिला असता तर तू चीत होतास. मी पकड सैल केली. आधी बोटं, मग मनगट. बाहेरून ते दिसत नाही. फक्त तुला कळलं. तू सुटू शकत होतास, पण सुटला नाहीस. आपण दोघं नुसते पडून राहिलो, आणि लोक ओरडायला लागले ते त्या पडून राहण्यामुळे. मग तू स्वतःला उलटं केलंस.

"कोणं सोडलं?" असं वस्तादांनी विचारलं तेव्हा माझंही तोंड उघडलेलं होतं. तुझा शब्द आधी आला. मी तोंड मिटलं.

एवढं या पत्रात पुरे.

आयुष


ढाणकी
दि. ३१ जानेवारी

            परवेज,

पकड का सोडली हे तू विचारलेलं नाहीस. विचारलंस असं समजून तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. हा चौथा आहे. यात जे आहे ते आणखी कोणाला माहीत नाही. रुपीबाईला अर्धं माहीत आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आपण उमरखेडहून परत येत होतो. रानडुक्कर आडवं आलं, मोटरसायकल घसरली. तुझा उजवा खांदा निखळला, मला खरचटलंही नाही. तांड्यावरच्या रुपीबाईने खांदा बसवून दिला आणि होळीपर्यंत मातीत उतरायचं नाही असं बजावलं. शिवरात्र होळीच्या आधी येते, हे आपल्याला तेव्हाच दिसत होतं. वस्तादांना कळलं तर ते तुला यात्रेत लढू देणार नाहीत, म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. तेव्हा ठरवलं ते एवढंच. पहिल्या पत्रात 'आपण काही ठरवलं नव्हतं' असं लिहिलं आहे, ते दुरुस्त करून वाच.

गाडी मी चालवत होतो. हे मी वरच लिहायला हवं होतं. क्रमाने ते वरच येतं.

आणखी एक गोष्ट ठरली होती. हौद्यात सलामी देताना, हातात हात असताना, तू म्हणालास, "खांद्याकडं पाहू नको. बराबर धरजो." मी मान हलवली. म्हणजे आपलं ठरलं होतं ते नुराच्या अगदी उलट होतं, आणि मोडलं मी. तुझ्या बगलेतून हात वर नेला तेव्हा आत काहीतरी कट् असं वाजलं. कानाला ऐकू आलं नाही, मनगटाला कळलं. त्यानंतर माझी बोटं माझ्या ताब्यात राहिली नाहीत. तुझी दया आली असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत होतो. आता शब्द नीट तपासून लिहायचा तर भीती वाटली. तो खांदा पुन्हा निखळला असता तर कसा, कधी, गाडी कोण चालवत होतं, सगळं बाहेर आलं असतं.

तू उताणा का झालास, रागाने की मला वाचवायला, हे मला माहीत नाही. दोन्ही कारणं लिहून पाहिली. दोन्ही बसतात.

वस्तादांना सांगायला मी दोनदा गेलो. ते आता दिवसभर मोटार वाइंडिंगच्या दुकानातच असतात. सध्या हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू आहे, त्यामुळे जळलेल्या पंपांची रांग असते. पहिल्या वेळी दारातून परत आलो. दुसऱ्या वेळी काहीतरी हातात असावं म्हणून घरचा टेबल पंखा नेला. त्यांनी तो खोलला, कॉइल पाहिली, पुन्हा बंद केला.

"चांगला हाय. कायले आणला?"

"आवाज येते, वस्ताद."

"येत नाही."

त्यांनी तो लावून दाखवला. आवाज येत नव्हता. आम्ही दोघं थोडा वेळ त्याच्या समोर बसलो. थंडीचे दिवस, पंख्याचा वारा अंगावर. मग मी पंखा उचलून घरी आलो.

शिवरात्रीला पंधरा दिवस आहेत.

आयुष


ढाणकी
दि. ८ फेब्रुवारी

            परवेज,

काल सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

वस्ताद पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. मी दारात उभं राहूनच म्हणालो, "वस्ताद, त्या दिवशी पकड म्या सोडली. परवेजनं नाही."

त्यांनी वर न पाहता हात दाखवला. "थांब. मोजून राह्यलो."

वेढे मोजताना मध्ये तोडलं तर सगळी कॉइल उसवावी लागते, हे तू मला सांगितलं होतंस. मी उभा राहिलो. बावन्न, त्रेपन्न. हात थांबला नाही. अठ्ठ्याहत्तरला त्यांनी तार कापली, टोकाला गाठ मारली आणि म्हणाले, "बोल आता."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. खांदा सांगितला, रानडुक्कर सांगितलं, गाडी कोण चालवत होतं ते सांगितलं. सलामीच्या वेळी तू काय म्हणालास तेही सांगितलं. जैबुनचाची मागच्या दारातून चहा घेऊन आल्या होत्या आणि कप हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"खांदा त मले माहीत होता," त्या म्हणाल्या.

वस्तादांनी मान वळवली. "तुले?"

"पोरगा त्या कुशीवर झोपत नव्हता. सदरा घालताना तोंड वाकडं करे. माय होय मी त्याची, पंच नाही."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"विचारलं कोणाले तुम्ही? कुलूप लावून घरी आले, अन् ताट मागितलं."

वस्तादांनी चहा घेतला नाही. तारेच्या गुंडाळ्या ज्या खिळ्यांना लटकतात त्यातल्या एका गुंडाळीमागून त्यांनी किल्ली काढली. तीन वर्षं ती तिथेच होती, त्यांच्या डोळ्यांसमोर. "चाल," म्हणाले.

कुलूप गंजलेलं होतं. त्यांनी खिशातून मशीनचं तेल काढून त्यात सोडलं आणि आम्ही थांबलो. आत हौद्याची माती फुटपाथसारखी कडक झाली आहे. एका कोपऱ्यात उंदरांनी बिळं केली आहेत. जोर मारायच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, तुझी जड मुदगल तेवढी शाबूत आहे. वस्तादांनी पायजमा खोचला, हौद्याच्या मधोमध गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात मातीला टेकवले. सदुसष्ट वर्षांचा माणूस.

"धर."

"वस्ताद..."

"त्याले धरला होता तसाच धर."

मी बगलेतून हात घालून मानेवर पकड घेतली. त्यांच्या मानेला तांब्याचा आणि वॉर्निशचा वास येत होता.

"आता सोड. जसा सोडला तसा."

सोडली. आधी बोटं, मग मनगट.

"पुन्यांदा."

असं तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळेनंतर ते तसेच बसून राहिले, हाताची धूळ झटकली आणि एकेक शब्द वेगळा करून बोलले. मी घरी आल्याबरोबर लिहून काढलं, त्यामुळे यात फरक नसावा : "खांदा लपवला, ते लबाडी. तुम्हा दोघांची. पकड सोडली, ते भेदरटपणा. तुहा एकट्याचा. नुराले दोघं राजी लागतात, बेटा. इथं राजी कोणीच नव्हतं. हे नुरा नाही."

"मंग कुलूप?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

बाहेर सदाशिवरावांचा ट्रॅक्टर जाऊन परत आला.

"कुलूप माह्याकडून चुकलं," ते म्हणाले. मग उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "पण मले एकट्याले सांगून काय होते? मी चारशे माणसांत बोल्लो होतो. माह्या पोराले चारशे माणसांनी पाह्यलं. तू भी तेवढ्यातच बोल. शिवरात्रीले. माइकवर."

मला लोकांत बोलता येत नाही, असं मी सांगितलं.

"मले माहीत हाय. म्हणूनच हे सारं झालं."

दाराशी आल्यावर ते म्हणाले, "त्याले कागद लिहितो ना तू? नुजहत सांगत होती. परवेजले विचार, हात सरळ वर केला त कानाले लागते का."

तुझं नाव त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा घेतलं, म्हणून ते वाक्य जसंच्या तसं कळवतो. प्रश्न त्यांचा आहे. उत्तर त्यांना पाठव.

आयुष


ढाणकी
दि. १६ फेब्रुवारी

प्रिय परवेज,

जागा भरली आहे. तुला ती चूक वाटली तर खोडून टाक.

काल यात्रा झाली. व्हिडिओ कोणीतरी तुला पाठवलाच असेल, तरी त्यात सगळं नाही. मी चार वाक्यं कागदावर लिहून नेली होती. विमलताईंनी ती मोठ्या अक्षरांत छापून दिली, म्हणजे हात हलला तरी वाचता येतील. शेवटच्या जोडीच्या आधी वस्ताद सदाशिवरावांच्या खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, "राव, पोट्ट्याले दोन मिनिटं माइक द्या."

"कायचा माइक? कुस्ती चालू करू द्या, नजीरभाई. लोक जाऊन राह्यले."

"तीन साल आधी भी लोक जाऊनच राह्यलेते. तवा तुम्ही मले माइक देल्ला."

सदाशिवरावांनी माइक दिला. मी वाचलं. पकड मी सोडली. परवेजने मला धरायला सांगितलं होतं. विचारल्यावर मी गप्प राहिलो आणि परवेजने स्वतःवर घेतलं. नजीर वस्तादांना यातलं काही माहीत नव्हतं. तिसरं वाक्य दोनदा वाचलं गेलं, ते चुकून.

मग मागून एकजण ओरडला, "आता हे तरी खरं हाय का, का हे भी नुराच?" आणि सगळे हसले. मीही हसलो असं व्हिडिओत दिसतं, मला आठवत नाही. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि ज्या दिशेने आवाज आला होता तिकडे बघून म्हणाले, "माह्या पोरानं झूट बोल्लं होतं. दोस्तासाठी बोल्लं होतं. नुरा केली नाही. ज्याले शक असेल त्यानं ईदनंतर आखाड्यात येऊन त्याच्या संगं हात मिळवावा." आणि माइक परत सदाशिवरावांच्या हातात दिला. लोक पुन्हा हसले, पण त्या माणसाकडे बघून.

सदाशिवराव जागेबद्दल काही बोलले नाहीत. गोदामाच्या विटा आणायला जाणार असलेला ट्रॅक्टर आज सकाळी त्यांच्याच दारात उभा होता. याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही, म्हणून लावत नाही.

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते लिहितो, नाहीतर तू विचार करत बसशील. बाजारात दोघांनी तोंड फिरवलं. विमलताई म्हणाल्या, "तीन साल माह्या दुकानात बसून 'मले माहीत नाही' म्हणत होता, लेका." मग दुपारी पोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. पोळ्या कोणी लाटल्या ते विचारलं नाही.

आज सकाळी आणि दुकान सुटल्यावर वस्तादांनी आणि मी हौदा उकरला. काल संध्याकाळी पहार बसत नव्हती, रात्रभर पाणी सोडून ठेवावं लागलं. आता हातभर खोल माती मोकळी झाली आहे. उद्या चाळायची, मग हळद, तेल, लिंबू, ताक. रमजान दोन-तीन दिवसांवर आला आहे, म्हणून वस्तादांना घाई आहे. रोजे सुरू झाल्यावर माती मुरत ठेवायची आणि ईदनंतर उतरायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. तुझं उत्तर त्यांना मिळालं की नाही, हे ते मला सांगत नाहीत. पण परवापासून ते मधेच स्वतःचा उजवा हात वर करून कानाला लावून बघतात. त्यांचा लागत नाही.

वहीतलं उजवं पान भरलं. वाक्य असं आहे : 'नजीर वस्तादांच्या आखाड्यातून नुरा कुस्ती कधी झाली नाही.' उपयोग बरोबर आहे असं मला वाटतं. तू एकदा तपास.

शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो पुन्हा दिसायला लागला, म्हणजे माझा नंबर तू उघडला आहेस. मी काही लिहिलं नाही. लिहायचं ते इथे लिहितो आहे. जैबुनचाचींनी आज दोन लंगोट धुऊन आखाड्याच्या तारेवर वाळत घातले. एक माझा आहे. दुसरा कोणाचा असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचता येते ना तुले? पट्टीवर नाव हाय, बघ." पट्टीवर नाव नव्हतं. कोपऱ्याला निळ्या धाग्याचे टाके होते. ते मला पाठ आहेत.

ईद मार्चच्या एकवीस तारखेच्या आसपास येते. वणीहून येणारी गाडी दुपारी पोचते, मी स्टँडवर असेन. खांदा अजून दुखत असेल तर आधी कळव, वस्तादांनाही आणि मलाही. सलामी दिल्यानंतर मी सोडणार नाही.

आयुष